रेड वाईन, गिटार आणि आमचा कोरडा जिल्हा

मंडळी, मथळा वाचून आमच्या निम्म्या नातेवाइकांच्या भुवया वर गेल्या असतील आणि उरलेल्या निम्म्यांनी "गुरुजींना या वयात हे काय सुचलं?" असं म्हटलं असेल. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गांधीजींचं सेवाग्राम आणि विनोबांचं पवनार ज्या जिल्ह्यात आहे, तिथे दारूचं दुकान नसावं, असा त्यामागचा विचार. पेपरवाले 'कोरडा जिल्हा' म्हणतात. तो खरंच किती कोरडा आहे, ते पुढे येईलच.

तर झालं असं. गेल्या फेब्रुवारीत मी आणि सौ. नाशिकला पुतणीकडे गेलो होतो. जायला गाडी कोणती, तर सेवाग्राम एक्सप्रेस! पुतणी नाशिकजवळ एका वाईनच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. तिला तिथे पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत मला कोणी "पोरगी काय करते?" असं विचारलं, की मी "द्राक्षांच्या कंपनीत आहे" एवढंच सांगत आलो. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. आज तिला विचारूनच हे लिहितो आहे.

त्या आठवड्यात त्यांच्या मळ्यावर एक कार्यक्रम होता. चार प्रकारच्या रेड वाईन, आणि प्रत्येक वाईनसोबत गिटारवर एक तुकडा. पाहुण्यांनी घोट घ्यायचा आणि ऐकायचं. पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही नुसतं ऐकायला चला." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही इतिहासाचे मास्तर ना? मग सांगा, रेड वाईनसोबत सगळीकडे गिटारच का ठेवतात? सनई का नाही?"

प्रश्न गमतीचा होता, पण मला उत्तर येईना. पस्तीस वर्षं पोरांना "सन सांग, कारण सांग" म्हणून उभं केलं, आणि इथे मीच उभा राहिलो. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली, जालावर वाचलं. जे सापडलं ते हे.

सुरुवात बरीच मागे जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची एक वाटाड्या-वही लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते, लेखकाचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. त्यात बारिगाझा, म्हणजे आजचं भडोच, या बंदरात काय माल उतरतो याची यादी आहे. यादीत वाईन आहे. इटलीची पहिल्या पसंतीची, शिवाय लाओडिसियाची आणि अरबस्तानची. पुढे राजासाठी काय आणतात तेही दिलं आहे: चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुलं, सुंदर मुली, उंची वाईन. हा राजा म्हणजे नहपान, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहेत.

म्हणजे बघा! पुतणीच्या कारखान्यापासून काही मैलांवर ज्यांच्या दानाचे शिलालेख आहेत, त्या घराण्याच्या दरबारी वाईन आणि गाणारे एकाच यादीत येत होते. फक्त ते गाणारे पाहुणे नव्हते, विकायला आणलेला माल होते. मौजेच्या गोष्टी ज्यांच्या अंगावरून जातात, त्यांची नावं यादीत नसतात. हे आधीच नोंदवून ठेवतो, पुढे लागेल.

द्राक्षाची दारू आपल्याकडे परकीच समजली जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटलं आहे, आणि त्याचे प्रकार सांगितले आहेत ते गावांच्या नावांवरून. 'कापिशायन' म्हणजे कपिशा प्रांतातलं, आजच्या अफगाणिस्तानातलं. आपल्या विदर्भातल्या वाकाटकांच्या काळात घडलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर एक चित्र आहे. टोकदार टोप्या आणि अंगरखे घातलेली परदेशी मंडळी पेले घेऊन बसली आहेत. चित्रकाराला पिणारा दाखवायचा होता, त्याने परदेशी माणूस काढला. आपल्याकडे पिणारे नव्हते असं नाही. मोहाची, ताडाची, भाताची दारू होतीच. पण द्राक्षाचा पेला हातात असलेला माणूस म्हणजे बाहेरचा, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून दिसतं.

गिटार आली ती फार नंतर. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला. पोर्तुगीजांच्या मागोमाग चर्च आलं, आणि चर्चबरोबर दोन गोष्टी अटळपणे आल्या. प्रार्थनेसाठी वाईन आणि प्रार्थनेसाठी संगीत. चर्चला जोडलेल्या गावशाळांत मुलांना अक्षरांबरोबर सूरलिपी शिकवत. पुढची चारशे वर्षं गोव्याच्या खेड्यापाड्यांतून व्हायोलिन, गिटार वाजवणारी, कागदावरचं संगीत वाचणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं तयार झाली ती या शाळांतून. एकोणिसाव्या शतकात तिथे 'मांडो' हा गाण्याचा प्रकार रुजला. भाषा कोकणी, सुरांची ठेवण पाश्चात्त्य, साथीला व्हायोलिन, गिटार आणि आपलं मातीचं घुमट! यजमानाच्या दिवाणखान्यात गाणं चाले आणि पाहुण्यांच्या हातात पेला असे.

तिकडे युरोपात ही जोडी आणखी घट्ट होती. पोर्तुगालचं 'फादो' हे विरहाचं गाणं लिस्बनच्या गरीब वस्त्यांतल्या दारूच्या गुत्त्यांत वाढलं. त्याची पहिली प्रसिद्ध गायिका मारिया सेवेरा १८४६ साली सव्विसाव्या वर्षी वारली. तिची आईच गुत्ता चालवायची. फादोला साथ असते ती बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारची आणि साध्या गिटारची. स्पेनमधलं जेरेझ हे गाव तर शेरी या वाईनचंही माहेर आणि फ्लामेंको गाण्याचंही. आजची गिटार ज्या आकाराची दिसते, तो आकार ठरवणारा कारागीर अंतोनिओ दे तोर्रेस (१८१७-१८९२) हाही त्याच दक्षिण स्पेनचा. भूमध्य समुद्राच्या त्या कोरड्या, उन्हाच्या पट्ट्यात द्राक्षवेल सगळीकडे होती. गिटार हे वाद्य स्वस्त, काखेत मारून नेता येणारं, चार माणसांच्या खोलीला पुरेल एवढ्याच आवाजाचं. संध्याकाळी दमलेली माणसं जिथे बसत, तिथे दोन्ही असत.

तेव्हा पुतणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की ही जोडी कुणा जाणकाराने चव घेऊन जुळवलेली नाही. दोघी एका गावच्या, एवढंच. आपल्याकडे भाकरीबरोबर पिठलं का, तर शेतात ज्वारी आणि हरभरा एकापाठोपाठ होत होते म्हणून. तसंच ते.

पण मग पुढचा प्रश्न मला पडला. दोघी एकाच गलबतातून आपल्या किनाऱ्याला लागल्या. त्यातली गिटार आमच्या पुलगावपर्यंत पोचली, आणि वाईन का नाही पोचली?

वाईन न पोचायचं कारण इंग्रजांच्या कारभारात आहे. साहेबाच्या टेबलावरची वाईन साहेबापुरती होती. सामान्य माणसाच्या वाट्याला आला तो अबकारी खात्याचा कारभार. दारूच्या दुकानांचा लिलाव व्हायचा, घरी मोहाची गाळणं गुन्हा ठरलं, आणि जेवढी दारू खपेल तेवढा महसूल वाढे. त्यामुळे आपल्याकडे दारूचा प्रश्न चवीचा राहिलाच नाही, तो संसार मोडण्याचा झाला. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना वाढत्या दारूदुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूदुकानांसमोर निरोधन झालं. १९३० च्या चळवळीत बायका दुकानांसमोर उभ्या राहिल्या. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला आले, तोवर दारूबंदी हा स्वराज्याचाच भाग झाला होता. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमात तो आला. आमच्या पिढीला 'पेला' म्हटलं की जेरेझची संध्याकाळ आठवत नाही. लिलावाचं दुकान आणि त्याच्या दारात पोरं घेऊन उभी असलेली बाई आठवते.

आणि गिटार का पोचली? इथे मला एक गंमत सापडली. स्वातंत्र्याच्या आधी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत नाचाचे वाद्यवृंद असत. त्यांत बहुतेक वादक गोव्याचे. खाणंपिणं, नाच आणि संगीत असा तो सगळा मामला. १९४९ साली मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून मुंबईत तो पुरता लागू झाला. परवान्याशिवाय पेला नाही. साहेब गेले होते, आता पेलाही गेला, आणि हॉटेलांतली कामं आटत गेली. नेमकं त्याच सुमारास हिंदी सिनेमाला मोठे वाद्यवृंद लागू लागले होते. सूरलिपी वाचणारी ती तयार माणसं स्टुडिओत शिरली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावं. आमच्या नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकलेले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त हा सगळा पाश्चात्त्य ताल इतका बिनधास्त वापरला, की खेड्यातली पोरंही त्यावर डोलू लागली.

म्हणजे पेल्यापासून गिटारला सोडवून आमच्या घरी आणण्यात दारूबंदीचाही हात होता! हे एकच कारण नव्हे, पण एक कारण नक्की. आली तीही बैठकीत नाही, रेडिओतून. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, १९५७ पासून विविध भारती. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी आम्ही लहानपणी ऐकली, ती आई चुलीपुढे भाकऱ्या थापत असताना. आईला गिटार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती म्हणायची, "ते रडणारं वाद्य लागलं बघ."

ते 'रडणारं' वाद्य म्हणजे हवाई गिटार. मेक्सिकोतून गेलेल्या गुराख्यांनी गिटार हवाई बेटांवर नेली. तिथल्या जोसेफ केकुकू या पोराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी तुकडा सरकवायला सुरुवात केली. सूर तुटेनासे झाले, घसरत जाऊ लागले. आपल्या कानाला हेच तर हवं असतं. मींड! टाऊ मो हे हवाईयन वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले, आणि तिकडे या वाद्याचं वेडच लागलं. मग ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी १९६७ ची. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तारा वाढवून तिची मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी मिळवलं. गिटारला आपण घरात घेतलं, तिला आपल्या पद्धतीने बसायला शिकवलं आणि तिचं नावही बदललं.

एवढा इतिहास लिहिला तो सोपा होता. आता पुढचं.

आमच्या घरातल्या मंडळींना ठाऊकच आहे, की माझा धाकटा भाऊ हवाई गिटार वाजवायचा. रेडिओवर ऐकून ऐकून शिकला. १९७२ साली नागपूरच्या सीताबर्डीवरून त्याने जुनी गिटार आणली. पैसे मीच दिले होते, माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारातून. तेव्हा विदर्भात गावोगावी ऑर्केस्ट्रा निघाले होते. गणपती, शारदोत्सव, लग्नाच्या वराती. हा एका ऑर्केस्ट्रात लागला. वाजवायचा सुरेख, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. कार्यक्रमात गाणं थांबवून लोक त्याच्या एकट्याच्या तुकड्याची फर्माईश करत.

पुलगावच्या कडेने वर्धा नदी वाहते. अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. १९७४ नंतर अलीकडे बंदी, पलीकडे दुकान. मधे एक पूल. कार्यक्रम संपला की ऑर्केस्ट्रातली मंडळी पूल ओलांडायची. पुढे पूल ओलांडायचीही गरज राहिली नाही, कारण बंदीच्या जिल्ह्यात हातभट्टी घरपोच मिळते. ती काय असते आणि तीत काय घातलेलं असतं, हे कुणी तपासत नाही. आधी कार्यक्रमानंतर, मग कार्यक्रमाआधी, मग कार्यक्रमच बंद. १९८८ च्या पावसाळ्यात तो गेला, तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पुतणी पाच वर्षांची.

तेव्हापासून ती गिटार आमच्या मधल्या खोलीत भिंतीवर, गवसणीत. मी कित्येक वर्षं रेडिओवर गिटार लागली की बटण फिरवायचो. मनात कुठेतरी हिशेब बसला होता, की गिटारने त्याला नेलं. ना ती ऑर्केस्ट्रात गेली असती, ना हा पूल ओलांडता. आणि पैसे मी दिले होते.

आणि त्याच माणसाची मुलगी वाईनच्या कारखान्यात कामाला लागली! माझी भावजय वर्षभर तिच्याशी धड बोलली नाही. मी बोललो, पण "द्राक्षांची कंपनी" म्हणत राहिलो.

आता त्या द्राक्षांबद्दल थोडं. महाराष्ट्रात वाईनचा आधुनिक धंदा १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला सुरू केला. नाशिकला राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाईन २००० साली आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, कर सवलती दिल्या, आणि नाशिक भागात कारखाने वाढले. २००८ पासून 'सुलाफेस्ट' सुरू झाला. द्राक्षमळ्यातल्या उघड्या रंगमंचावर देशोदेशीचं संगीत आणि हातात वाईन. २०१० साली 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्यातही दारूबंदीचे जिल्हे वगळले होते. पण विरोध एवढा झाला, की तो अमलात आला नाही. "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य तेव्हा फार ऐकलं. त्यावर मला मास्तर म्हणून एवढंच म्हणायचं आहे, की रेड वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. व्हिस्कीपेक्षा बराच कमी, पण पदार्थ तोच. एके काळी रेड वाईन हृदयाला चांगली असं फार सांगत. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही.

हे मी पुतणीला म्हटलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, मोठेबाबा. मी रोज मोजते." आणि मग तिने मला असं काही सांगितलं, जे पंधरा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. प्रयोगशाळेत ती दिवसाला वीस-वीस नमुने चाखते, आणि प्रत्येक घोट थुंकते. "एकही घोट गिळलेला नाही मी आजवर," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तिने मला रेड वाईन कशी होते ते दाखवलं. काळ्या द्राक्षाचा रसही पांढराच असतो, रंग असतो सालीत. रस सालीसकट आंबवला की तांबडी वाईन होते आणि सालीतलं टॅनिनही त्यात उतरतं. टॅनिन म्हणजे काय, तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, ते. त्याला आपल्याकडे 'तुरट' हा शब्द आहे. आपल्या सहा रसांत तो मानाने बसला आहे! ती म्हणाली, "काही वाईन मंद्र सप्तकासारख्या असतात असं पाहुणे म्हणतात." मला हसू आलं. पण यावर खरोखर प्रयोग झालेला आहे. एड्रियन नॉर्थ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना वाईन दिली आणि मागे वेगवेगळं संगीत लावलं. भारदस्त संगीत ऐकणाऱ्यांना वाईन भारदस्त वाटली, मृदू संगीत ऐकणाऱ्यांना तीच वाईन मृदू वाटली. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. त्यातलं मृदू संगीत होतं कॅनडाच्या मायकेल ब्रूक यांचं. नुसरत फतेह अली खान यांच्याबरोबर काम केलेले ते हेच गिटारवादक.

म्हणजे पेल्यात काही बदलत नाही, बदलतो तो ऐकणाऱ्याचा ग्रह. वाईन गिटारला काही देत नाही. देते ती गिटारच. हे मला त्या प्रयोगातून कळलं, आणि हिशेब चुकल्याचं पहिल्यांदा जाणवलं.

अंधार पडला. सत्तर-ऐंशी माणसं असतील. वादक कोवळा मुलगा होता. त्याची गिटार स्पॅनिश पद्धतीची. आधी तो वाद्याबद्दल बोलला. वरची फळी स्प्रूसची, आणि पाठ भारतीय शिसवाची. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं तेव्हापासून जगभरचे कारागीर आपल्या सह्याद्रीकडचं, दक्षिणेकडचं शिसव वापरतात म्हणे. मला मोठी गंमत वाटली. मळ्यातल्या वेली शिराझ आणि कॅबर्ने, म्हणजे फ्रान्सच्या. पिंपं तिकडच्या ओक लाकडाची. आणि त्या परक्या वाद्याची पाठ मात्र आपल्या जंगलातली!

शेवटचा तुकडा फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश वादकाचा होता. अल्हांब्रा राजवाड्याच्या आठवणीचा. त्यात एकाच तारेवर बोटं इतक्या जलद फिरतात, की तुटक टिंबांची सलग रेघ व्हावी तसा सूर लांबत जातो. हवाई गिटारमध्ये पोलादी तुकडा सरकवून जे होतं, ते इथे नुसत्या बोटांनी. आईचं 'रडणारं वाद्य' आठवलं. धाकट्याची मान तिरकी करून वाजवायची सवय आठवली. पस्तीस वर्षांपेक्षा जास्त काळ मी ज्या आवाजापासून पळत होतो, तो पूर्ण सात-आठ... नाही, चार-पाच मिनिटांचाच असेल, पण पूर्ण ऐकला.

माझ्यापुढे पेला ठेवलेला होता, सगळ्यांपुढे होता तसा. मी तो उचलून नाकाशी नेला. जांभळाचा, ओल्या लाकडाचा वास आला. वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग खाली ठेवला. पुतणीनेही तिचा ठेवला. आम्ही दोघं काही बोललो नाही.

दारूबंदी असावी की नसावी, यावर मला विचाराल तर असावी, असंच मी म्हणेन. हातभट्टी चालते म्हणून कायदा नको, हे मला पटत नाही. पण कायदा आहे म्हणून आमचं काम झालं, असं समजून आम्ही निजलो, हेही खरं. माझ्या भावाला पुलावरून परत आणायला कायदा येणार नव्हता, मी जायला हवं होतं. मी तेव्हा पेपर तपासत होतो. एवढी वर्षं गिटारला दोष दिला, कारण ती भिंतीवर होती आणि उलट बोलत नव्हती.

निघताना पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, बाबांची गिटार मला द्याल?" तिचा मुलगा आता नववीत आहे, शाळेत गिटार शिकतो.

मागच्या महिन्यात ती गिटार खाली काढली. गवसणी उंदरांनी एका बाजूने कुरतडली होती, तारा गंजून गेल्या होत्या. नागपूरला एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "पाठ शिसवाची आहे का हो?" त्याने उलटी करून टिचकी मारली आणि म्हणाला, "गुरुजी, प्लायवूड आहे. दुरुस्तीला लागेल तेवढ्यात नवी येऊन जाईल, काऊन पैसे घालता?" मी म्हटलं, "घाल बाप्पा, तारा घाल."

तारा घालून झाल्या आहेत. दिवाळीनंतर सेवाग्राम एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. या वेळी भावजयही येते म्हणाली आहे, म्हणून तिसरं काढायचं आहे.